गंगापूर रोडवरचे रुग्णालय : सांगाडा आरसीसीचा की स्टीलचा, आणि सामायिक मॉडेल कोणी सांभाळायचे?

गंगाकाठचा

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी बहीण आणि मेहुणे दोघेही डॉक्टर असून नाशिकला गंगापूर रोडच्या पुढे त्यांच्या भूखंडावर तळमजला अधिक चार मजले एवढे रुग्णालय बांधण्याचे ठरले आहे. मी स्थापत्य पदविकाधारक असलो तरी गेली वीस वर्षे सातपूरच्या एका कारखान्यात देखभाल विभागात काढली आहेत, त्यामुळे इमारतीच्या कामाशी माझा संबंध तुटलेला आहे. तरीही घरातला 'त्यातले कळणारा' मीच असल्यामुळे ही जबाबदारी माझ्याकडे आली आहे.

प्रश्न दोन आहेत. पहिला असा की, २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळे शटरिंगचे (काँक्रीट ओतण्याच्या साच्यांचे) सुतार, सळई बांधणारे आणि रेडीमिक्सच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्या या सर्वांचीच ओढाताण सुरू असताना आरसीसी (सळई घालून ओतलेले काँक्रीट) सोडून स्टीलचा सांगाडा उभा करणे शहाणपणाचे ठरेल काय? दुसरा असा की, आमच्या आर्किटेक्ट बाईंनी आर्किटेक्चर, स्ट्रक्चर आणि सर्व्हिसेस (पाणी, वीज, वातानुकूलन वगैरे) या तिन्ही चमूंनी संगणकावरील एकाच सामायिक त्रिमितीय मॉडेलवर काम करावे असा आग्रह धरला असून त्यासाठी वेगळे शुल्क सांगितले आहे. एवढ्या लहान इमारतीला ते आवश्यक आहे काय, आणि ते मॉडेल शेवटी कोणाच्या ताब्यात असावे? अनुभवी सभासदांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

ओळंबा

आपण दोन प्रश्न वेगळे मांडले आहेत, परंतु माझ्या मते तो एकच प्रश्न आहे. तिकडे येण्यापूर्वी सांगाड्याविषयी थोडे लिहितो.

आयएस १८९३ या भूकंपबलाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे नाशिक भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येते आणि रुग्णालयाला महत्त्व गुणांक १.५ धरावा लागतो, म्हणजे त्याच आकाराच्या साध्या निवासी इमारतीपेक्षा दीडपट भूकंपबल गृहीत धरून आपली इमारत आखावी लागणार आहे. हे बल इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात वाढते. दीडशे मिलिमीटर जाडीचा आरसीसी स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे पावणेचारशे किलो भरतो आणि त्यावर फरशी, भिंती, उपकरणे येतात. स्टीलच्या बीमवर डेक शीट (पन्हळी पोलादी पत्रा) टाकून वर पातळ काँक्रीट ओतले, तर या वजनात चांगली घट होते आणि तिचा फायदा थेट पायापर्यंत पोहोचतो. त्यातही गोदावरीच्या बाजूला काळ्या मातीचा थर जाड असेल तर हा फायदा मोठा असतो, आणि वरच्या दोन-अडीच मीटरमध्येच मुरूम व काळा पाषाण लागत असेल तर तो फारसा उरत नाही. म्हणून मातीची तपासणी हाती आल्याशिवाय कोणाचेही मत, माझेसुद्धा, अंतिम मानू नये.

आरसीसी घेतल्यास एक गोष्ट आर्किटेक्ट बाईंना आजच सांगावी. आपल्या गावात २३० मिलिमीटर रुंदीचे कॉलम भिंतीत लपवण्याची जुनी सवय आहे. आयएस १३९२० या भूकंपरोधक आरसीसीच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे कॉलमची कोणतीही बाजू ३०० मिलिमीटरपेक्षा, तसेच त्यात येणाऱ्या बीमच्या सर्वांत जाड सळईच्या व्यासाच्या वीसपटीपेक्षा कमी असू नये. बीममध्ये १६ मिलिमीटरची सळई असली की ३२० आलेच. म्हणजे कॉलम खोलीत डोकावणार, आणि खाटेच्या डोक्याशी ऑक्सिजनचे पॅनेल कुठे बसणार हे त्यावरून ठरणार.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक सांगाड्याला मत बदलण्याची एक शेवटची तारीख असते आणि ती साहित्यावर ठरते. आरसीसीमध्ये ही तारीख स्लॅब टाकण्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत लांबवता येते. ते चूक असते, तरीही आपण सगळे ते करतो. स्टीलमध्ये ती तारीख म्हणजे कारखान्यात कटिंग लिस्ट (कापायच्या मापांची यादी) गेली तो दिवस, आणि तो दिवस साइटवर पहिला कॉलम उभा राहण्याच्या काही आठवडे आधीच उलटून गेलेला असतो. पातळ पत्र्याच्या थंड घडणीच्या सांगाड्यात, म्हणजे ज्याला लाइट गेज म्हणतात त्यात, यंत्र सरळ मॉडेलमधूनच माप घेऊन पट्टी वळवते व भोके पाडते. तिथे मॉडेल हेच शॉप ड्रॉइंग (कारखान्यात माल घडवण्याचा नकाशा) असते. अशा वेळी तिन्ही चमू एकाच मॉडेलवर आले नाहीत, तर लवकर बंद होणारे साहित्य आणि उशिरा ठरणारे निर्णय यांची टक्कर साइटवरच होते. म्हणून आधी साहित्य ठरवावे, मग त्याच्या तारखा मॉडेलवर लिहाव्यात. मॉडेलचे शुल्क योग्य की अयोग्य, हे त्यानंतर आपोआप कळते.

अंबडचा_फॅब्रिकेटर

ओळंबा साहेबांनी आमच्या धंद्याची दुखरी नस नेमकी पकडली आहे. स्टीलची इमारत वेगाने उभी राहते हे खरे आहे, परंतु तो वेग ड्रॉइंग हातात आल्यानंतरचा आहे, हे मालकाला कोणी सांगत नाही. एका कामात आम्हाला बीमच्या वेबमध्ये (मधल्या उभ्या पट्टीत) पाइपसाठी भोके दाखवलेली ड्रॉइंग मिळाली, आम्ही माल तयार करून गॅल्व्हनायझिंगला (जस्ताचा थर चढवायला) पाठवला, आणि त्यानंतर सर्व्हिसेसवाल्यांनी डक्टचा (हवेच्या वाहिनीचा) मार्ग बदलला. साइटवर गॅस कटरने नवी भोके पाडण्याचा आदेश आला. मी नकार दिला, कारण गॅल्व्हनायझिंग जळते ही लहान गोष्ट असून, वेडेवाकडे कापलेल्या भोकाच्या कोपऱ्यातून चीर सुरू होते ही मोठी गोष्ट आहे. त्या वादात पाच आठवडे गेले आणि आरसीसीच्या तुलनेत वाचलेला सगळा वेळ तिथेच संपला.

आगीविषयीही लिहितो, कारण फॅब्रिकेटर हा विषय टाळतात असा आमच्यावर आरोप असतो. स्टील जळत नाही, पण साधारण ५५० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची ताकद निम्म्याकडे उतरलेली असते. चालता न येणारे रुग्ण ज्या इमारतीत आहेत, तिथे आगीत फुगणारा रंग, वर्मिक्युलाइट या खनिजाचा लेप किंवा बोर्डाचे आवरण यांपैकी काहीतरी घ्यावेच लागते, आणि त्याची जाडी व खर्च दोन्ही पहिल्या अंदाजपत्रकात असले पाहिजेत. आरसीसीला हे संरक्षण सळईवरच्या कव्हरमधून (काँक्रीटच्या थरातून) बऱ्याच अंशी आपोआप मिळते. मी स्टीलचा माणूस असूनही हे लिहितो आहे, याची नोंद घ्यावी.

रेषाआणिभिंती

मी आर्किटेक्ट आहे, मात्र आपल्या प्रकल्पाशी माझा संबंध नाही. आमच्या क्षेत्रातील भगिनीने वेगळे शुल्क मागितले यात गैर काही नाही, कारण महापालिकेची परवानगी आजही द्विमितीय नकाशावरच मिळते आणि मॉडेल हे त्यावरचे जादा काम ठरते. त्या शुल्कातून काय मिळते, ते एका साध्या बेरजेने दाखवते.

मजल्याची उंची ३६०० मिलिमीटर धरा. स्लॅबसह बीमची खोली ६०० असेल तर बीमच्या पोटाखाली ३००० उरतात. त्याखालून ३०० चा डक्ट, दोन्ही बाजूंना २५ चे इन्सुलेशन, म्हणजे ३५० गेले. लटकवण्यासाठी ५०, फॉल्स सीलिंगचा सांगाडा व दिवे यांसाठी १००, आणि खाली फरशीचे ७५. हातात राहिले २४२५. आतापर्यंत सगळे समाधानी असतात. मग वरच्या मजल्यावरील शौचालयाचा ११० चा पाइप कॉरिडॉर ओलांडतो असे लक्षात येते. त्याला साठास एक असा उतार द्यावा लागतो, म्हणजे सहा मीटरमध्ये आणखी १०० मिलिमीटर. बेरीज २१०, आणि शिल्लक २२१५. ज्या कॉरिडॉरमधून सलाइनचा स्टँड लावलेले स्ट्रेचर जाणार, तिथे ही उंची कोणीही स्वीकारणार नाही. हे सर्व आकडे तीन वेगवेगळ्या नकाशांवर अचूक लिहिलेले असतात. ते एकमेकांवर ठेवून पाहण्याचे काम मात्र कोणाच्याही कराराच्या यादीत नसते.

नळजोड

सर्व्हिसेसवाल्यांवर नेहमीप्रमाणे खापर फुटलेले पाहून बरे वाटले! गमतीचा भाग सोडून देतो.

आम्हाला उशीर होतो याचे कारण आम्हाला बोलावलेच उशिरा जाते. कॉलम, बीम ठरल्यावर, पुष्कळदा फुटिंग (पाया) ओतल्यावर, 'आता पाइप कुठून नेता ते बघा' असा फोन येतो. रुग्णालयात पाणी, सांडपाणी, वातानुकूलन, वैद्यकीय वायू, अग्निशमन, वीज आणि डेटा एवढ्या वाहिन्या एका कॉरिडॉरच्या छतात बसवायच्या असतात, आणि यांतल्या फक्त सांडपाण्याला उताराचे बंधन असते. म्हणून मॉडेलमध्ये सांडपाण्याची वाहिनी सर्वांत आधी काढावी, मग डक्ट, मग बाकीचे, कारण बाकीच्यांना वळसा घालता येतो. हा क्रम कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला नसतो, तो माणसांनी बसून ठरवावा लागतो.

टकरींच्या, म्हणजे मॉडेलमध्ये दोन वस्तू एकाच जागी येण्याच्या, अहवालाबद्दल एक सावधगिरीची सूचना. पहिल्यांदा तिन्ही मॉडेल एकत्र करून तपासणी चालवली की हजार-दीड हजार टकरी दिसतात आणि मालकाचा चेहरा उतरतो. त्यांतल्या बहुसंख्य निरर्थक असतात : फॉल्स सीलिंगच्या पत्र्यातून जाणारा स्प्रिंकलर, भिंतीच्या प्लास्टरमध्ये घुसलेली विजेची नळी, किंवा एकच पाइप बारा तुकड्यांत काढल्यामुळे बारा वेळा मोजलेली एकच टक्कर. आम्ही आता टकरींची संख्या सांगतच नाही. जागेप्रमाणे गट करतो, प्रत्येक गटाला एक जबाबदार माणूस आणि एक तारीख देतो, आणि बीसीएफ नावाच्या लहान फाइलमधून तेवढाच मुद्दा, कॅमेऱ्याच्या कोनासकट, समोरच्याला पाठवतो. व्हॉट्सअॅपवर लाल गोल काढलेल्या फोटोपेक्षा ते कितीतरी बरे, कारण फोटो दुसऱ्या दिवशी सुप्रभातच्या संदेशांखाली गाडला जातो.

आणि एक टक्कर मॉडेलला सहसा दिसत नाही, ती म्हणजे माणसाच्या हाताची. झडप बसली, पण ती फिरवायला हात जाण्याएवढी जागा उरली नाही. त्यासाठी झडपेभोवती मोकळ्या जागेचा एक अदृश्य ठोकळा मॉडेलमध्ये मुद्दाम काढून ठेवावा लागतो.

कडीपाट

मी जुन्या नाशकातील वाड्यांच्या दुरुस्तीची कामे करतो, त्यामुळे या चर्चेत माझे काय काम असे वाटू शकेल. परंतु सांगाड्यांची गोष्ट निघाली आहे आणि लाकडाचे नावच कोणी घेतले नाही, म्हणून लिहितो.

आमच्याकडचे वाडे हे मूळचे सागवानी सांगाडेच आहेत. दगडी तळखड्यावर खांब, खांबावर हस्त (माथ्याचा आडवा आधार), त्यावर तुळई, तुळईवर कड्या (लहान आडवी लाकडे) आणि वर पाट (फळ्या); मधली भिंत माती-विटांची, केवळ भरण म्हणून. भिंत ढासळली तरी पुष्कळदा सांगाडा उभा राहतो. पंचवटीजवळ एक वाडा उतरवताना आम्हाला प्रत्येक तुळईच्या टोकावर छिन्नीने मारलेल्या खुणा सापडल्या, आणि तशीच खूण ती जिथे बसत होती त्या खांबावरही होती. म्हणजे माल खाली जमिनीवर घडवून, जुळवून, मग वर चढवला होता. फॅब्रिकेटर साहेब आज बीमवर जो मार्क नंबर टाकतात, त्याचाच हा पूर्वज म्हणायचा. परदेशात आता थर चिकटवलेल्या लाकडाच्या उंच इमारतीही होत आहेत. नॉर्वेतील म्योस्टोर्नेट ही २०१९ मध्ये पूर्ण झालेली अठरा मजली इमारत ८५.४ मीटर उंच आहे आणि तिचे लाकूड कारखान्यात मापाने कापूनच साइटवर आले. आपल्या रुग्णालयाला मी लाकूड सुचवत नाही, कारण आपल्याकडे तो माल, ती कारागिरी आणि वाळवीचा बंदोबस्त हे तिन्ही एकत्र मिळणे अवघड आहे.

मॉडेलविषयी माझी तक्रार वेगळी आहे. आम्ही एका वाड्याचे लेझर स्कॅन करून घेतले आणि त्यावरून तयार झालेल्या मॉडेलमध्ये सगळ्या तुळया ओळंब्यात आणि सरळ दाखवल्या गेल्या, कारण मॉडेल करणाऱ्या मुलाने तयार ठोकळे वापरले होते. प्रत्यक्षात एका तुळईला मधोमध चार बोटे झोळ होता आणि तिचे भिंतीतले टोक कुजले होते. मॉडेल पाहून कोणालाही तो वाडा ठणठणीत वाटला असता.

ओळंबा

कडीपाट यांनी लिहिलेला शेवटचा परिच्छेद नव्या इमारतीलाही लागू पडतो. मॉडेलमध्ये काँक्रीट आणि स्टील दोन्ही तितकेच काटेकोर दिसतात. काँक्रीटचे मानक आयएस ४५६ मात्र ओतलेल्या कॉलम-बीमच्या मापात अधिक १२ ते उणे ६ मिलिमीटरपर्यंत फरक चालवून घेते, आणि स्टीलमध्ये २० च्या बोल्टला २२ चे भोक असते, म्हणजे सगळी मोकळीक दोन मिलिमीटरची. ही दोन साहित्ये जिथे भेटतात, तिथे मॉडेल हिरवे (टक्कर नसलेले) दिसते आणि साइटवर बोल्ट बसत नाही.

आणखी एक गैरसमज दूर करतो. 'स्ट्रक्चरचे मॉडेल आहे ना, तेच द्या' असे आम्हाला नेहमी सांगितले जाते. आम्ही इटॅब्स किंवा स्टाड या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये जे करतो ते रेषांचे मॉडेल असते. तिथे बीम व कॉलम मध्यरेषांवर भेटतात आणि भिंतीच्या कडेशी जुळवून सरकवलेला बीम तिथे सरकलेला दिसेलच असे नाही. टकरी पाहण्यासाठी खऱ्या आकाराचे वेगळे मॉडेल करावे लागते आणि दोन्ही सारखे ठेवण्याचे कष्ट घ्यावे लागतात. आर्किटेक्टने सामायिक मॉडेलमध्ये कॉलम दीडशे मिलिमीटर सरकवला, तर माझ्या गणिताला त्याची गंधवार्ताही नसते. म्हणून कॉलम-बीमची मालकी स्ट्रक्चरल चमूकडे, भिंती-दारांची आर्किटेक्टकडे, वाहिन्यांची सर्व्हिसेसकडे. दुसऱ्याची वस्तू पाहावी, तिच्याविषयी मुद्दा उपस्थित करावा, पण हलवू नये.

गंगाकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. काही शंका आहेत. तिघांची सॉफ्टवेअर वेगवेगळी आहेत : आर्किटेक्ट बाई आर्किकॅड वापरतात, स्ट्रक्चरवाले टेक्ला, तर सर्व्हिसेसवाले रेव्हिट. मग सामायिक मॉडेल होणार कसे? आणि काल पहिल्यांदा तिन्ही फाइली एकत्र केल्या, तेव्हा स्ट्रक्चर एका ठिकाणी दिसत होते आणि पाइपांचे जाळे कित्येक किलोमीटर दूर आकाशात तरंगत होते. हे नेहमीचेच आहे काय?

रेषाआणिभिंती

अगदी नेहमीचे आहे, घाबरू नये. तिघांनी एकच सॉफ्टवेअर घेण्याची गरज नाही. आयएफसी हा सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारा खुला फाइल-नमुना त्यासाठीच आहे, तो आयएसओ १६७३९ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानकही झाला आहे, आणि आयएफसी पाहण्याची साधने फुकट मिळतात, त्यामुळे आपल्या बहिणीलाही घरच्या लॅपटॉपवर इमारत फिरवून पाहता येईल. आयएफसीची फाइल ही पाहण्यासाठी व तपासण्यासाठी आहे, हे मात्र लक्षात ठेवावे. दुरुस्ती ज्याची त्याने आपल्या मूळ फाइलमध्येच करायची असते.

तरंगणाऱ्या पाइपांचे कारण आरंभबिंदू, म्हणजे मोजणी जिथून सुरू होते तो शून्य बिंदू. एकाने भूखंडाचा कोपरा शून्य धरला असेल आणि दुसऱ्याने सर्वेक्षकाच्या फाइलमधले यूटीएमचे (पृथ्वीच्या नकाशावरील जागेचे) लाखांतले आकडे जसेच्या तसे घेतले असतील. रेव्हिटला स्वतःच्या अंतर्गत आरंभबिंदूपासून सुमारे १६ किलोमीटरच्या पलीकडे भूमिती नीट सांभाळता येत नाही, त्यामुळे ते आकडे थेट तिथे वापरूच नयेत. उपाय सोपा आहे : ग्रिड 'अ' आणि ग्रिड '१' (कॉलमच्या आखणीच्या रेषा) जिथे छेदतात तो बिंदू, तळमजल्याची फरशीपातळी आणि उत्तरेचा कोन, एवढे एका कागदावर लिहून तिघांच्या सह्या घ्याव्यात. पहिल्याच बैठकीत त्या बिंदूवर एक मीटरचा ठोकळा प्रत्येकाने आपापल्या फाइलमध्ये काढावा. तीन ठोकळे एकावर एक बसले, तरच पुढे जावे.

फाइलींच्या नावांना शिस्त लावा. मॉडेलमधील माहिती सांभाळण्याच्या आयएसओ १९६५० या मानकात माहितीच्या चार अवस्था सांगितल्या आहेत : काम चालू, सामायिक, प्रसिद्ध आणि संग्रहित. लहान कामाला बाकीचे मानक जड वाटले तरी या चार फोल्डरांचा नियम जरूर पाळावा. 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'हेच फायनल' या तीन फाइलींवरून तीन ठेकेदारांनी काम केलेले मी पाहिले आहे.

गंगाकाठचा

पाच आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे.

मातीच्या अहवालात सव्वादोन मीटरवर कठीण मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागला, त्यामुळे पायातील बचतीचा मुद्दा बाद झाला. सळई जालन्याहून वेळेवर मिळण्याची अडचण नाही, पण शटरिंगच्या सुतारांची आहेच. सर्वांगाने विचार करून चौथ्या मजल्याच्या स्लॅबपर्यंत आरसीसी आणि त्यावर, गच्चीवरील यंत्रखोली व सौर पॅनेलच्या मांडवासाठी, स्टीलचा सांगाडा असे ठरले आहे. मजल्याची उंची ३९०० केली. मेहुण्यांना ती पटवून देण्यासाठी मॉडेलमधला कॉरिडॉर दाखवावा लागला. २२१५ हा आकडा ऐकून ते हलले नव्हते, पण अडकलेले स्ट्रेचर पाहून लगेच हलले.

ओळंबा यांच्या सूचनेप्रमाणे तारखा साहित्यावरून लावल्या आहेत. आरसीसीसाठी नियम असा : स्लॅबच्या दहा दिवस आधी स्लीव्हची (पाइपसाठी काँक्रीटमध्ये ठेवायच्या नळीची) यादी बंद, त्यानंतरचा बदल लेखी आणि मागणाऱ्याच्या खर्चाने. बीममधली स्लीव्ह मध्यखोलीतच असेल, आणि खांबाच्या तोंडापासून प्रभावी खोलीच्या (बीमच्या माथ्यापासून खालच्या सळईच्या मध्यापर्यंतच्या खोलीच्या) दुप्पट अंतरात, जिथे रिंगा दाट असतात, तिथे कोणतीही स्लीव्ह नसेल. मॉडेल एकत्र करण्याचे काम आर्किटेक्ट बाईंकडे आहे आणि दर मंगळवारी चार वाजता तिन्ही चमू त्यावर बसतात. काम संपल्यावर आयएफसी आणि मूळ फाइली दोन्ही आमच्याकडे येतील, असे करारात लिहून घेतले आहे.

एक शंका शिल्लक आहे. गच्चीवरील स्टीलच्या कॉलमसाठी अँकर बोल्ट (काँक्रीटमध्ये रोवायचे बोल्ट) आरसीसी कॉलमच्या डोक्यात बसवायचे आहेत. मॉडेलमध्ये सगळे जुळते आहे, पण १२ आणि २ मिलिमीटरची ती गोष्ट डोक्यातून जात नाही.

अंबडचा_फॅब्रिकेटर

जाऊ देऊ नका. बेस प्लेटची (कॉलमच्या तळच्या जाड पत्र्याची) भोके बोल्टपेक्षा चांगली मोठी ठेवावीत, वरून जाड वॉशर प्लेट घ्यावी, आणि खाली ग्राउटसाठी (भरायच्या सिमेंटच्या मिश्रणासाठी) ४० ते ५० मिलिमीटर जागा सोडावी, म्हणजे पातळीतला फरक तिथे गिळला जातो. बोल्ट सुटे सुटे बसवू नयेत. ज्या मापाने प्लेटला भोके पडणार, त्याच मापाने कापलेला पत्र्याचा टेम्प्लेट घ्यावा, चारही बोल्ट त्यात वर-खाली नट लावून आवळावेत आणि तो टेम्प्लेट शटरिंगला न बांधता सळईच्या पिंजऱ्यापासून स्वतंत्र आधार देऊन पक्का करावा, कारण नीडल (काँक्रीट बसवणारे कंपनयंत्र) लावताना पिंजरा आणि शटर दोन्ही हलतात. बोल्टांच्या आट्यांना ग्रीस लावून वर पाइपचे तुकडे घाला, नाहीतर स्लरीने (सिमेंटच्या पाण्याने) आटे भरतील.

काँक्रीट ओतल्यावर सर्वेक्षकाकडून प्रत्येक बोल्टची प्रत्यक्ष जागा मोजून घ्या आणि ते आकडे मॉडेलमध्ये भरून मगच मला कटिंग लिस्ट पाठवा. त्यासाठी माझा माल चार दिवस थांबला तरी चालेल. टेम्प्लेट आमच्याकडचा घेऊन जा, फक्त स्लॅबच्या आदल्या दिवशी एकदा कळवा, म्हणजे आमचा माणूस ओळंबा व दोरी घेऊन साइटवर येईल.